गॅस संपला, की अक्कल?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गाडीचा एसी रुसला. हायवेला गार, सिग्नलला मात्र गरम हवा! गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता निदान केलं, "गॅस संपलाय." गॅस भरला, पैसे दिले, दुसऱ्याच दिवशी सिग्नलला पुन्हा तेच. बाबा म्हणाले, "अगं, तू मेकॅनिकलला आहेस ना?" एलएमटीडीची गणितं अचूक सोडवणारी मी गप्प!

मग शांतपणे विचार केला. एसी 'थंडी' तयार करतच नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. त्यासाठी दोन हीट एक्स्चेंजर. डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये आर-१३४ए हा गॅस साधारण ३ बार दाबाला, शून्य अंशाच्या आसपास उकळतो आणि केबिनची उष्णता शोषून घेतो. (एसी चालू असताना गाडीखाली टपकतं ते पाणी याच थंड कॉईलवर जमलेलं, हवेतल्या बाष्पाचं!) मग कॉम्प्रेसर दाब चार-पाच पट वाढवतो. आता हाच गॅस ५०-६० अंशांना द्रव होतो. म्हणूनच बाहेर ४० अंश असले तरी रेडिएटरच्या पुढचा कंडेन्सर उष्णता हवेत सोडू शकतो.

पण त्याच्या जाळीतून हवा गेली तर ना! गाडी पळताना ती आपोआप जाते, सिग्नलला सगळी भिस्त पंख्यावर. आमच्या जाळीत चिखल, किडे, पाचोळा गच्च बसलेला. पाण्याच्या हलक्या धारेने धुतली (जोरात मारलं तर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकतात), आणि एसी सिग्नललाही गार!

मित्रांनो, हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. खरंच कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आधी ती शोधायला सांगा. नाहीतर भरलेला गॅस हवेतच जाणार, आणि तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त पृथ्वी तापवतो. पैसे आपले, ताप सगळ्यांना!

दोष एकट्या गॅरेजवाल्याचा नाही. आपण तरी लॅबमध्ये काय करतो? हीट एक्स्चेंजरची रीडिंग्ज सीनिअर्सच्या जर्नलमधून उतरवतो. म्हणून सरांना एकच विनंती, एखादं प्रॅक्टिकल पार्किंगमध्ये घ्या. बॉनेट आम्ही उघडतो. निदान घरच्यांनी विचारल्यावर मान खाली घालायची वेळ तरी येणार नाही!