सडा मोकळा असता रस्त्यावर विमाने का?

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता मिळतो. गॅसचे टँकर, एस.टी.च्या गाड्या, मासळीचे ट्रक यांची तेथे अहोरात्र वर्दळ असते. अशा रस्त्यालगत रेडिओवर चालणारी छोटी विमाने उडवणे हा खेळ नव्हे, अविचार आहे. ही विमाने आता घरपोच मिळतात. म्हणून या प्रश्नाचा विचार अपघातानंतर नव्हे, आधीच झाला पाहिजे.

आम्ही या छंदाचे विरोधक नाही. पंख तोलताना आणि गुरुत्वमध्य शोधताना मुलाला जे विज्ञान उमगते, ते फळ्यावर शिकवून क्वचितच उमगते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात विमानांच्या प्रतिकृती करण्याचे व उडवण्याचे शिक्षण दिले जाते, ते उगाच नव्हे.

परंतु प्रतिकृती म्हणजे खेळणे, ही समजूत घातक आहे. दोन किलो वजनाचे विमान ताशी 72 किलोमीटर वेगाने आदळले, तर तो आघात सहा-सात मजल्यांवरून पडलेल्या तेवढ्याच वजनाच्या धोंड्याइतका असतो. पंख्याची पाती निराळीच. सप्टेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका उद्यानात 19 वर्षांचा तरुण स्वतःच उडवीत असलेल्या हेलिकॉप्टरच्या पात्याने मरण पावला. आणि तो काही नवशिका नव्हता. आपल्याकडे पतंगासारख्या निरुपद्रवी खेळात नायलॉनचा मांजा शिरला, माणसांचे गळे चिरले, पक्षी मेले. अखेर 2017 मध्ये हरित न्यायाधिकरणाला त्यावर देशभर बंदी घालावी लागली. मूठभरांच्या बेफिकिरीचे प्रायश्चित्त सर्वांना घ्यावे लागते, ते असे.

कायदा स्पष्ट आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये केलेले ड्रोन नियम वैमानिकाविना उडणाऱ्या विमानांनाही लागू होतात. विमान नजरेच्या टप्प्यात ठेवावयाचे; मोकळ्या क्षेत्रातही 400 फुटांवर न्यावयाचे नाही; चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात मर्यादा 200 फुटांची, आणि त्याहून जवळ परवानगीवाचून उडवावयाचेच नाही. मिरजोळ्याचा विमानतळ हातखंब्यापासून फार दूर नाही, आणि तेथे तटरक्षक दलाचे हवाई केंद्र आहे. तेव्हा उड्डाणापूर्वी सरकारी नकाशावर क्षेत्र पाहून घेणे हे येथे प्रत्येकाचे पहिले कर्तव्य ठरते.

मात्र केवळ नियमांचा धाक पुरेसा नाही. मुलांना 'येथे नको' असे सांगणाऱ्याने 'मग कोठे' हेही सांगितले पाहिजे. रत्नागिरी तालुक्याला निसर्गाने विस्तीर्ण सडे दिले आहेत. नकाशाची अनुमती असलेला, महामार्ग, शाळा, वीजवाहिन्या व कातळशिल्पे यांपासून दूर असलेला एखादा सडा ग्रामपंचायतीने मालकाच्या लेखी संमतीने ठरवून द्यावा. खारे वारे जोर धरण्यापूर्वी सकाळी उड्डाणे व्हावीत. एक जाणता मनुष्य देखरेखीस असावा. प्रेक्षक उडवणाऱ्याच्या मागे उभे राहावेत. त्यांच्या डोक्यावरून विमान कदापि जाऊ नये. संदेश तुटताच यंत्र आपोआप बंद पडते की नाही, हे जमिनीवरच तपासावे. वाळल्या गवतात कोसळलेल्या विमानाची बॅटरी वणवा पेटवू शकते. म्हणून वाळूची बादली जवळ असावी.

यात खर्च जवळजवळ नाही. इच्छा तेवढी हवी. उद्या तिठ्यावर एखादे विमान टँकरच्या काचेवर आदळले, तर त्याच दिवशी सरसकट बंदीची मागणी होईल आणि होतकरू मुलांच्या हातातील विमान कायमचे जाईल. तो दिवस येऊ द्यावयाचा की नाही, हे ग्रामपंचायत, शिक्षक आणि पालक यांनी या सुट्टीपूर्वीच ठरवावे, एवढीच आमची त्यांना विनंती आहे.