तळं राखणार कोण?

मंडळी, आपल्यापैकी कोणाच्याही घरी जेवायला गेलं की पाण्याचा पेला पुढे करताना यजमान हमखास म्हणतात, "काळजी करू नका, फिल्टरचं आहे हं!" मंडळाच्या कार्यक्रमात तर तेवढंही म्हणावं लागत नाही, श्रीखंड-पुरीच्या शेजारी बाटलीबंद पाण्याच्या पेट्यांची चळत उभीच असते. टोरांटोत राहणारे असोत की माझ्यासारखे ओंटारिओतल्या एखाद्या लहान गावात स्थिरावलेले असोत, आपण बहुतेकांनी नळाशी असलेलं नातं भांडी घासण्यापुरतं ठेवलं आहे. मला ही सावधगिरी वाटत नाही. ही पळवाट आहे, आणि लहान गावात ती धोक्याची आहे.

सवय कुठून आली ते सांगायला नकोच. आपण वाढलो तिथे नळाला दिवसातून दोन तास पाणी. पाणी गेलं की जलवाहिनी रिकामी होते, जमिनीतली घाण फटींमधून आत शिरते आणि पुढच्या वेळी पहिल्या धारेबरोबर घरात येते. म्हणून तोटीला फडकं, पिंपात तुरटी आणि पावसाळ्यात उकळलेलं पाणी. आईचं ते शास्त्र शंभर टक्के बरोबर होतं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ पसरली, तीही पाण्यातूनच. इथे मात्र जलवाहिनीत चोवीस तास दाब असतो, त्यामुळे बाहेरची घाण सहसा आत येऊ शकत नाही. इथला मोठा धोका माणसांच्या दुर्लक्षातून येतो. त्यावर तुरटीही चालत नाही आणि फिल्टरही.

खोटं वाटत असेल तर वॉकर्टन आठवा. टोरांटोहून गाडीने अडीच तासांवर, ब्रूस काउंटीतलं सुमारे पाच हजार वस्तीचं हे गाव. मे २००० मध्ये तिथे काही दिवस मुसळधार पाऊस झाला. गावाच्या पाच नंबरच्या विहिरीजवळ एक शेत होतं आणि शेतात गुरांचं खत टाकलेलं होतं. विहीर उथळ, खालचा खडक भेगाळलेला. पावसाच्या पाण्याबरोबर ई. कोलायची घातक जात आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू विहिरीत उतरले आणि तिथून नळात. सात माणसं मेली, २,३०० हून अधिक आजारी पडली. पुढे चौकशी झाली तेव्हा शेतकरी निर्दोष ठरला, कारण त्याने खत टाकताना सगळे मान्य नियम पाळले होते. मग चुकलं कुठे?

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने २००२ मध्ये याचं उत्तर दिलं. ते प्रत्येक गावकऱ्याने वाचावं असं आहे. पाण्यात क्लोरीन किती शिल्लक राहतं हे कर्मचाऱ्यांनी रोज मोजायचं होतं. ते बहुतेक दिवशी मोजतच नव्हते, वहीत ०.५ किंवा ०.७५ असे ठरलेले आकडे लिहून मोकळे होत. माझा व्यवसाय संगणकाचा. रोज तोच आकडा दाखवणारी नोंदवही समोर आली, तर आमच्यातला शिकाऊ पोरगाही म्हणेल की हे यंत्र बंद तरी आहे किंवा माणूस खोटं तरी लिहितोय. वॉकर्टनमध्ये ती वही वर्षानुवर्षं कोणी डोळे उघडे ठेवून पाहिली नाही. क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं त्या विहिरीवर असती तर ही साथ टळली असती, असा आयोगाचा स्पष्ट निष्कर्ष आहे.

पुढचा घटनाक्रम तर अंगावर काटा आणणारा आहे. १७ मे रोजी प्रयोगशाळेने गावच्या पाणी खात्याला कळवलं की नमुने दूषित आहेत. आरोग्य कार्यालयाला मात्र कळवलं नाही, कारण तसं कायद्याने बंधन नव्हतं. प्रांतिक सरकारने काटकसर म्हणून १९९६ मध्ये ही तपासणी खाजगी प्रयोगशाळांवर सोपवली होती आणि खबर कोणाला द्यायची हा नियम करायचा राहून गेला होता. १९ मे रोजी आरोग्य कार्यालयाने स्वतःहून विचारलं, तेव्हा पाणी खात्याच्या व्यवस्थापकाने पाणी ठीक असल्याचं सांगितलं. अखेर २१ मे रोजी आरोग्याधिकाऱ्यांनी पाणी उकळून पिण्याची सूचना दिली. मधले चार दिवस लोक तेच पाणी पीत होते. व्यवस्थापक आणि त्याचा भाऊ यांना २००४ मध्ये शिक्षा झाली.

आता आपल्याला टोचेल अशा दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे, क्लोरीनची चव आवडत नाही अशी तक्रार गावातलेच काही लोक करत आणि त्यांना बरं वाटावं म्हणून कर्मचारी क्लोरीन कमी करत. दुसरी अशी की, त्रुटी दाखवणारा सरकारी तपासणीचा अहवाल १९९८ मध्येच पाणी खात्याच्या निवडून आलेल्या सभासदांच्या हातात पडला होता. त्यांनी व्यवस्थापकावर विश्वास टाकला आणि पुढे प्रश्न विचारले नाहीत. म्हणजे गावकऱ्यांनी चवीबद्दल तक्रार केली, पण सुरक्षिततेबद्दल कोणी तोंड उघडलं नाही. आपणही दुसरं काय करतो? "पाण्याला वास येतो हो" म्हणतो आणि दुकानातून पेटी उचलतो.

कोणी म्हणेल, "आमच्याकडे आरओ आहे, आम्हाला काय त्याचं?" तर ऐका. तो आरओ स्वयंपाकघरातल्या एका तोटीला आहे. मुलं दात घासतात ते वरच्या मजल्यावरच्या नळावर. शाळेत, ग्रंथालयात आणि दवाखान्यात ती गावाचंच पाणी पितात. शिवाय घरगुती आरओसोबतचं माहितीपत्रक वाचलंत तर बहुधा आढळेल की जंतूंच्या दृष्टीने असुरक्षित पाण्यावर तो एकटा वापरू नये. जगमधला कोळशाचा फिल्टर तर मुख्यतः चव सुधारतो, आणि वेळेवर बदलला नाही तर जंतूंचं माहेरघर होतो.

फिल्टर सगळेच निरुपयोगी, असं मी म्हणत नाही. १९५० च्या दशकाच्या मध्याआधीचं घर असेल तर रस्त्यापासून घरापर्यंतचा पाइप शिशाचा असू शकतो. शिशाला चव नसते, वास नसतो, आणि उकळून ते जात नाही. तिथे शिसं काढण्यासाठी प्रमाणित केलेला फिल्टर जरूर बसवा, लहान बाळाच्या दुधासाठी गरम नळाचं पाणी वापरू नका आणि पाइप बदलून घ्या. हद्दीच्या आतला पाइप आपल्या मालकीचा असतो, हेही ध्यानात ठेवा. पण आधी तपासा, मग खर्च करा. आपण नेमकं उलटं करतो.

बाटलीबंद पाण्याचं तर विचारूच नका. ओंटारिओत २०१७ पर्यंत बाटल्या भरणाऱ्या कंपन्या दहा लाख लिटर भूजलासाठी सरकारला ३ डॉलर ७१ सेंट फी देत होत्या. मग ती ५०३ डॉलर ७१ सेंट झाली. तरीही हा हिशेब लिटरमागे एका सेंटच्या विसाव्या भागाचा. आपण एका बाटलीला किती मोजतो ते ज्याने त्याने आठवावं! आणि हीच मंडळी गावाने पाणीपट्टी थोडी वाढवली की नाराज होतात. लहान गावात जलवाहिनी लांब आणि पट्टी भरणारी घरं मोजकी. जुन्या वाहिन्या बदलायला, जाणकार माणूस नेमायला पैसा येणार कुठून? बाटलीवर पाण्यासारखा पैसा ओतायचा आणि पाण्यावर मात्र हात आखडायचा, हा कुठला व्यवहार?

वॉकर्टननंतर कायदे बदलले. आयोगाने १२१ शिफारशी केल्या, २००२ मध्ये सुरक्षित पेयजल कायदा झाला, आणि २०१२ च्या अखेरीपासून पाण्याच्या सुरक्षिततेबाबत हयगय झाली तर नगरसेवकही व्यक्तिशः जबाबदार धरले जाऊ लागले. पाण्याचा वार्षिक अहवाल दरवर्षी २८ फेब्रुवारीपर्यंत तयार करावा लागतो आणि मागेल त्याला मोफत द्यावा लागतो. आमच्या गावच्या कचेरीत मी तो मागितला तेव्हा काउंटरवरच्या बाई चकित झाल्या. असा कोणी मागतच नाही म्हणाल्या. कायदा कितीही कडक केला, तरी न वाचलेला अहवाल आणि वॉकर्टनची ती वही यांत फारसा फरक उरत नाही.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. गावाचा अहवाल मागवा. दूषित नमुने किती निघाले, क्लोरीन किती होतं, काय दुरुस्ती झाली, एवढ्या तीनच गोष्टी पाहा. एक्सेलच्या रकान्यांवर हयात घालवणाऱ्या आपल्या लोकांना ते जड जाऊ नये. पाणीपट्टीचा विषय असेल त्या दिवशी नगरसभेत जाऊन बसा. घराची स्वतःची विहीर असेल तर जंतूंची तपासणी तुमची तुम्हीच करून घ्या. ओंटारिओत सरकारी प्रयोगशाळा ती मोफत करून देत आली आहे. आणि पुढच्या गणेशोत्सवात मंडळाने नळाचं पाणी भरलेले माठ ठेवावेत. आपल्याकडे रस्त्यावर पाणपोई घालणाराला पुण्यवान म्हणत. परदेशात येऊन आपण प्रत्येकाच्या हातात वेगळी बाटली दिली.

हा केवळ पैशाचा किंवा प्लास्टिकचा प्रश्न नाही. ऐपत असलेले सगळे नळ सोडून गेले की नळापाशी उरतात ते म्हातारे, भाडेकरू आणि गरीब, आणि त्यांचा आवाज सभेत पोचत नाही. याच ओंटारिओत नेस्कांटागा या आदिवासी वस्तीत १९९५ मध्ये पाणी उकळून पिण्याची सूचना लागू झाली. २०२४ संपलं तरी ती उठली नव्हती. एक अख्खी पिढी नळाचं पाणी न पिता मोठी झाली. असं शहरातल्या एखाद्या श्रीमंत पेठेत घडलं असतं का?

सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे, यासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्या मातीतून आलेल्या आपल्याला सार्वजनिक पाण्याची किंमत दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नसावी. तळं राखील तो पाणी चाखील, असं आपण लबाडाला उद्देशून म्हणतो. इथे मी ती म्हण उलटी फिरवून म्हणतो: पाणी चाखायचं असेल, तर तळंही आपणच राखलं पाहिजे.