जगाची चव आणि गावची ज्वारी

अलीकडे मानवतसारख्या तालुक्याच्या गावीही घरगुती समारंभांतून नूडल्स आणि मंचुरियन यांना मानाचे स्थान मिळू लागले आहे. काहींना यात संस्कृतीचा ऱ्हास दिसतो, तर काहींना प्रगती. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र निराळाच प्रश्न पडतो : या पदार्थांसाठी लागणारे धान्य पिकते कोणाच्या शेतात?

पदार्थ परका म्हणून त्याज्य, हा युक्तिवाद टिकणारा नाही. आपली ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेतील. मिरची आणि भुईमूग अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेले. म्हणजे भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी हे आपले अस्सल देशी ताटही दोन खंडांचे देणे आहे. परंतु हे पाहुणे प्रथम आपल्या शेतात रुजले आणि मग चुलीपर्यंत पोचले. आजचे पाहुणे थेट पाकिटातून येतात. त्यांचा मैदा आणि सॉस बाहेर तयार होतो. आपल्या वाट्याला येते ते केवळ बिल. उलट आपण पिकवतो ते सोयाबीन तेलगिरणीकडे जाते आणि त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. घरच्या ताटात ते क्वचितच दिसते.

वस्तुतः जगाच्या स्वयंपाकघरात आपल्याच पिकांचे उत्तम पदार्थ आहेत. सेनेगल आणि माली या देशांत भाजलेले शेंगदाणे वाटून, त्यात कांदा, टोमॅटो, मिरची आणि भाज्या किंवा मांस घालून दाट कालवण शिजवतात. ते आपल्या दाण्याच्या आमटीचे सख्खे भावंडच होय. सुदानमध्ये ज्वारीचे पीठ आंबवून त्याची कागदासारखी पातळ पोळी करतात. चीनमध्ये सोयाबीन भिजवून, वाटून, त्याचे दूध उकळून नासवतात आणि त्या पनीराचे तिखट कालवण भातासोबत खातात. यांतील बहुतेक जिन्नस मोंढ्यात वा किराणा दुकानात मिळतात.

भाकरीला कष्ट पडतात, नोकरी करणाऱ्या स्त्रीला ते परवडत नाहीत, हा आक्षेप खराच आहे. म्हणूनच एका पातेल्यात शिजणारे, सर्वांच्या हाताला जमणारे पदार्थ हवेत.

१९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मराठवाड्याने नाइलाजाने खाल्ली. त्याच वर्षी परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे तेथून ‘परभणी मोती’सारखे ज्वारीचे वाण निघाले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. तरीही स्वस्त धान्य दुकानात प्रामुख्याने गहू आणि तांदूळच मिळतो. वाण आहे, गौरवही झाला. उणीव आहे ती मागणीची. काढणीची मजुरी निघण्याइतका भाव मिळाल्याखेरीज केवळ अभिमानापोटी शेतकरी ज्वारी पेरणार नाही. मग कडबाही गेला आणि त्यावर जगणारी जनावरेही.

मागणी निर्माण करण्याचे काम शासनावरच सोपवण्याचे कारण नाही. वसतिगृहांनी आठवड्यातून एक जेवण या धान्यांचे ठेवावे. महाविद्यालयांनी आणि बचत गटांनी सुट्टीच्या पाकवर्गात हे पदार्थ शिकवावेत. जगाची चव अवश्य घ्यावी. मात्र तिच्यासाठी मोजलेल्या पैशांतील काही वाटा गावच्या शेतकऱ्याच्या हाती पडावा, एवढी काळजी आपण ग्राहकांनी घ्यायलाच हवी.