भिंतींचे अर्थशास्त्र

कॅनडातील एडमंटन शहरावर ३१ जुलै १९८७ रोजी टोर्नेडो, म्हणजे जमिनीला टेकलेला वाऱ्याचा प्रचंड भोवरा, कोसळला. २७ माणसे मेली. त्यांपैकी १५ एकाच वसाहतीतील होती. ती वसाहत हलक्या, फिरत्या घरांची होती. वादळाने श्रीमंत-गरीब पाहिले नाही, परंतु घरांनी मात्र ते पाहिले.

उमरगा परिसराला हा हिशेब उलट्या बाजूने ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. औसा तालुक्यातील किल्लारी आणि तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले सास्तूर यांसह अनेक गावे क्षणार्धात दगडांचे ढीग झाली. आठ ते दहा हजार माणसे गेली. येथे मारक ठरली ती जड घरे. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि लाकडावर मातीचा थर असलेले माळवद! उन्हाळ्यात ही घरे गार राहत आणि जाड भिंत ही प्रतिष्ठेचीही खूण होती. मात्र भिंतीच्या आतल्या व बाहेरल्या थरांना सांधणारे आरपार दगड बहुधा नसत. कुडाच्या झोपडीत निजलेला शेतमजूर अनेक ठिकाणी वाचला, तो त्यामुळेच.

माणसे झोपेत होती म्हणून बळी वाढले, हे खरे असले तरी पुरेसे नाही. जेमतेम साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला, तोही पहाटेच. किल्लारीचा ६.२ तीव्रतेचा, तर तो ६.७ चा, तरीही मृत्यू साठाच्या आसपास. फरक बांधकामाचा होता आणि बांधकामामागे उभ्या असलेल्या उत्पन्नाचा व नियमांचाही. आपल्याकडे हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात असे. १९६७ च्या कोयना भूकंपाने दख्खनच्या स्थिरतेबद्दलची समजूत हादरवली होती आणि १९९२ मध्ये किल्लारीलाच धक्के बसले होते. तरीही कोणास भिंती तपासाव्याशा वाटल्या नाहीत.

जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेले पुनर्वसन मोठे होते, हे मान्य करावयास हवे. ५२ गावे नव्या जागी वसली. पण घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले: भूमिहीनास २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्यास ७५०. कुटुंबातील माणसांची संख्या दुय्यम ठरली. (आपत्तीपूर्वीची विषमता एवढ्या काटेकोरपणे पुन्हा बांधून देणारी योजना विरळाच!) मग संसार वाढला तसे लोकांनी मजबूत खोलीला टेकून जुनेच दगड-लाकूड आणि पत्रा वापरून पडव्या काढल्या. भूकंपरोधक पट्टी मूळ खोलीलाच आहे. या वाढीव भिंतींसाठी स्वस्त कर्ज आणि गावातील गवंड्याला सतत प्रशिक्षण या दोन खर्चांची तरतूद जिल्ह्याच्या नियोजनात नेमकी कुठे आहे, हे ग्रामसभेने विचारावयाचे आहे.