आंघोळीचा मजकूर कुठे गेला?

मुलांवर घरी संस्कार होत नाहीत, ही तक्रार आता इतकी सर्वमान्य झाली आहे की तिला पुरावा मागण्याचेही कोणाला सुचत नाही. एकत्र कुटुंब मोडले, आजी-आजोबा दुरावले, आई नोकरीला लागली आणि मुले बिघडली, असा हा ठरीव क्रम. मग उपाय म्हणून संस्कारवर्ग निघतात, उन्हाळी शिबिरे भरतात, आणि या साऱ्या खटाटोपाला आधार म्हणून हमखास 'श्यामची आई' पुढे केली जाते. मराठीचे अध्यापक म्हणून या शेवटच्या गोष्टीस आमची हरकत आहे. ज्यांनी हे पुस्तक खरोखर वाचले आहे, त्यांना ते या कामी वापरता येणार नाही.

१९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी या आठवणी लिहिल्या, १९३५ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. त्यातले एकत्र कुटुंब पाहा. भाऊबंदकी होते, वाटणी होते आणि श्यामच्या आईवडिलांना राहते घर सोडावे लागते. एकेकाळच्या खोताच्या घराण्याची कर्जापायी दैना होते; सावकाराचा माणूस दारात येऊन आईला नाही नाही ते बोलतो. हरवलेल्या सुवर्णयुगाचे चित्र म्हणून ज्या पुस्तकाकडे बोट दाखवले जाते, त्यात ते युग शोधून सापडत नाही. श्याम जे शिकतो ते सुस्थित घरात शिकत नाही. आपली माणसे अपमान कसा गिळतात, कोणत्या क्षणी ती गिळत नाहीत, हे तो दाराआडून पाहतो. आईने मुद्दाम सांगितलेल्या बोधापेक्षा हे पाहणे कितीतरी खोल जाते, असे आमचे मत आहे.

आता आमचा मुख्य मुद्दा. वाटेवर एक महार म्हातारी मोळीपाशी खोळंबलेली असते. तिला शिवायचे नाही म्हणून मोळी डोक्यावर द्यायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला पाठवते. मोळी उचलून दे म्हणते आणि घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. शिबिरांतून, वक्तृत्वस्पर्धांतून ही गोष्ट आम्ही कैकदा ऐकली आहे. मोळी दर वेळी असते, आंघोळ बहुधा गाळलेली असते. गुरुजींनी मात्र ती गाळलेली नाही. आईवर एवढी भक्ती असणाऱ्या लेखकाला ते सहज करता आले असते.

ही काटछाट करणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही. पण त्यांनी नेमका शिक्षणाचा गाभाच कापला आहे. घर मुलाला करुणा शिकवते आणि त्याच तोंडाने विटाळही शिकवते. दोन्ही धडे एकाच प्रेमळ माणसाकडून, एकाच वाक्यात मिळतात. याच श्यामने पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. तेव्हा तो आईचे ऐकत होता की आईला ओलांडत होता? आम्हाला वाटते, दोन्ही. मोळी त्याने जन्मभर डोक्यावर घेतली आणि आंघोळ टाकून दिली. ही निवड त्याची त्यालाच करावी लागली, आणि ती कोणत्याही वर्गात पढवून घेता येण्यासारखी नव्हती.

कोणी म्हणेल, लहान मुलांपुढे एवढी गुंतागुंत कशाला? पण मुले त्या गुंतागुंतीतच राहतात. पोहायला घाबरून माळ्यावर दडलेल्या श्यामला आई शिमटीने मारते, आणि नंतर तिचाच जीव कासावीस होतो. मारणारा हात आणि माया करणारा हात एकच असतो, हे ज्या पोराने घरी अनुभवले आहे त्याला 'मातृप्रेम' या शीर्षकाखाली पाच ओळी घोकायला लावणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. शिवाय ज्याच्या घरात अशी आई नाही, किंवा आहे पण दिवसभर दुसऱ्यांची धुणीभांडी करून रात्री परतते, त्याच्या वाट्याला या आदर्शातून केवळ न्यूनगंड येतो. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. घर काय शिकवते हे समजून घ्यायला ते 'श्यामची आई'च्या शेजारी ठेवूनच वाचले पाहिजे, असा आग्रह आम्ही आमच्या विभागात अनेकदा धरला. असो.

एकदा पदवीच्या वर्गात आम्ही ते आंघोळीचे वाक्य मुद्दाम वाचून दाखवले. बराच वेळ कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, आमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात. त्यांना चहा रोज आजीच करून देते, आलं घालून. कप मात्र वेगळा, खिडकीत ठेवलेला." आणि थोडे थांबून, "मी तो कधी आत आणून ठेवला नाही."

त्या तासाला पुढे काही शिकवणे झाले नाही. सत्राच्या परीक्षेत या पुस्तकावर प्रश्न होता तो 'श्यामच्या आईचे स्वभावविशेष सोदाहरण लिहा' असाच. तो काढणारे आम्हीच होतो.