देव हमीभाव देत नाही, तरीही

वाशिम जिल्ह्यातल्या इंझोरी गावाच्या एका अंगाला कारंज्याचं गुरुमंदिर, दुसऱ्या अंगाला पोहरादेवीला सेवालाल महाराजांची समाधी. या पट्ट्यात देवाची वानवा आहे, असं कोणी म्हणणार नाही. तरी २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यांत वाशिम होता. यावर आमच्या शिकल्या-सवरलेल्या मित्रांचा सवाल ठरलेला : एवढे देव, एवढे सप्ताह, मग माणसं जीव का देतात? त्यांच्या मते श्रद्धा माणसाला लुळं करते. ‘तो पाहून घेईल’ म्हणत माणूस हातावर हात ठेवून बसतो.

सवाल टाकाऊ नाही. पण तो विचारणाऱ्याने देवाला पीकविमा कंपनी समजून टाकलंय : हप्ता भरला, आता भरपाई काढा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल असताना बाजारात त्याहून कमी भाव पुकारले गेले. याचा जाब सरकारला विचारायचा, पांडुरंगाला नव्हे. सोयाबीनच्या भावाची हमी कोणत्याच संताने घेतलेली नाही.

दुसऱ्या बाजूचे लोक तर याहून सोपं औषध सांगतात : हरिपाठ म्हणा, आत्महत्या थांबतील. हे ऐकलं की राग येतो. पाणी, भाव आणि पतपुरवठा यांचा हिशेब सोडून मेलेल्या माणसावरच ठपका ठेवायचा, की बाबा, तुझी भक्ती कमी पडली! घरचा माणूस गेल्यावर सरकारी कागदावर तो मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे आधीच ठरतं. आता भक्तीतही तोच शेरा मारायचा का?

मग श्रद्धेने होतं तरी काय? कोजागरीनंतर गावोगाव काकडा सुरू होतो, नेमका सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत. वावरात गंजी लागलेली असते, मळणीच्या हडंब्याचा नंबर आलेला नसतो आणि परतीचा पाऊस येतो. ताडपत्री उचलून पाहावं तर खालच्या शेंगांना कोंब फुटलेले, हाताला ऊन वाफ लागते, कुबट वास येतो. त्या वासात पोरीचं लग्न असतं, कृषी केंद्राची उधारी असते. अशा वेळी माणसाला कर्जाच्या आकड्याइतकीच, कधी त्याहून जास्त, चारचौघांची लाज खाते. पारावरून जाताना मान वर होत नाही. बायकोला खरा आकडा सांगवत नाही.

माझं म्हणणं इथे आहे. आपल्या शेजारी कोणीतरी आहे आणि त्याच्यापुढे आपली पत गेलेली नाही, हे ज्याला आतून पटलंय, त्याची ही लाज उतरते. तो बँकेच्या दारात उभा राहू शकतो, भावाला ‘अडचणीत आहो’ म्हणू शकतो. कोंब आलेलं सोयाबीन तसंच राहतं. माणूस मात्र तोंड लपवत नाही. ज्याला आपण धीर म्हणतो, तो एवढाच.

याची साक्ष आमच्याच वऱ्हाडात आहे. गाडगेबाबा म्हणजे अमरावतीकडच्या शेंडगावचे डेबूजी. वाढले मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, मामाकडे. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली आणि तो ताबा घ्यायला आला, तेव्हा हाच डेबू आडवा उभा राहिला. पुढे १९२३ मध्ये एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची खबर कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना पोचली, आणि कीर्तन थांबलं नाही. या माणसाला लुळा म्हणणार? त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि त्याच तोंडाने कर्ज काढून सण-तेरवी करू नका, बोकड कापू नका, पोरांना शिकवा, हेही बजावलं. हातातला खराटा तर कधी सुटलाच नाही. तुकोबांचं तेच. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालं आणि त्यांनी लोकांकडच्या येण्याची आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. बुडालेल्या माणसाने दुसऱ्याचं देणं सोडायला छाती लागते.

देवाशिवाय धैर्य येत नाही, असा दावा मी करणार नाही. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिलेले बुद्धिवादी सुधारक आगरकर होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या झेलणारे, अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे दाभोलकर होते. त्यांना मी भक्तांच्या रांगेत ओढत नाही. तसंच, ज्याला देवामुळे बळ मिळतं त्याला भित्रा ठरवायचा अधिकार त्यांच्या नावाने कोणी घेऊ नये.

खरा वैरी तिसराच. कोप, साडेसाती, करणी सांगून पैसे उकळणारा. ज्याच्याकडे जाऊन भीती वाढते आणि खिसा रिकामा होतो, तो देवाचा माणूस नाही. मग त्याच्या गळ्यात कितीही माळा असोत.

कीर्तनकार महाराजांना म्हणूनच एक विनंती आहे. यंदाच्या काकड्यात स्वर्ग-नरक थोडा बाजूला ठेवा आणि कर्जाचं नाव घ्या. देणं थकलेला माणूस देवापुढे हलका होत नाही, हे व्यासपीठावरून स्पष्ट सांगा. आणि समाप्तीला, प्रसाद वाटून झाला की, मंडपातून कोण न जेवता, न बोलता उठून गेलं ते पाहा. त्याच रात्री त्याच्या घरी जा.