हेड गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

शनिवारी सकाळी साडेसहाला फोन. आम्हा आयटीवाल्यांना अशा वेळी फोन आला की सर्व्हर पडला असंच वाटतं. पण फोन चाळीसगावहून होता, आतेभावाचा. "अरे, मजेंटाचं हेड गयं बघ. सोमवारी नवीन मागवतोय. थोडे पैसे होतील का तुझ्याकडून?"

दादाचं फ्लेक्सचं दुकान आहे. दहा फुटी मशीन, चार रंगांना चार कोनिका ५१२ हेड. एका हेडची किंमत म्हणजे त्याचे मशीनच्या कर्जाचे तीन हप्ते. दिवाळीआधी एक बदलून झालं होतं, आता हे दुसरं.

मी विचारलं, "हेड गेलं हे ठरवलं कोणी?"
"मेकॅनिकने."
"येऊन गेला?"
"नाही रे, फोटो पाठवला होता व्हॉट्सअ‍ॅपवर."

मंडळी, माझं डोकं फिरलं ते इथे! एका फोटोवर तीन हप्त्यांचा निकाल? पैसे पाठवले नाहीत, महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून स्वतःच गेलो.

या धंद्यात "हेड गेलं" हे वाक्य आपल्याकडच्या "नजर लागली"सारखं झालंय. प्रिंट पुसट आली, हेड गेलं. पट्टे आले, हेड गेलं. एक रंग बंद पडला, हेड गेलं. आणि गंमत बघा, जो हेड विकतो तोच हेड मेलं की जिवंत आहे ते ठरवतो. मेकॅनिकला मी चोर म्हणत नाहीये. त्या बिचाऱ्याला तीन-तीन तालुके सांभाळायचे असतात, हेड बदललं की त्याची फेरी वाचते. पण त्याच्या वाचलेल्या फेरीचं बिल दादाने का भरायचं?

आता जरा आत डोकावू. या हेडमध्ये केसाहून बारीक अशी ५१२ छिद्रं असतात. विजेचा झटका मिळाला की शाईच्या सूक्ष्म नळीची भिंत वाकते आणि थेंब बाहेर उडतो. म्हणजे थेंब न पडण्याची कारणं निदान तीन: छिद्र बंद आहे, शाई पोचत नाहीये किंवा वीज पोचत नाहीये. यातलं पहिलंसुद्धा बऱ्याचदा धुऊन सुटतं. उरलेल्या दोन्हींत हेडचा काही गुन्हा नाही.

यातलं काय झालंय ते मशीनच सांगतं. नोझल टेस्टच्या दोन पट्ट्या लागोपाठ काढायच्या. दोन्हींत त्याच त्याच रेषा गायब असतील तर छिद्रं बंद आहेत. शाईला चालणाऱ्याच सोल्युशनने भिजवून, थांबून, पुन्हा टेस्ट. गायब रेषा जागा बदलत असतील, किंवा सुरुवातीला छान येऊन चार फुटांवर रंग फिका पडत असेल, तर शाई कमी पडतेय: फिल्टर, पाइप, पंप, नाहीतर आत शिरलेली हवा. अख्खा रंग एका क्षणात गेला तर आधी केबल आणि कार्ड बघायचं. मशीन पूर्ण बंद करून दोन हेडच्या केबली अदलाबदल करायच्या. दोष दुसऱ्या हेडवर गेला तर पहिलं हेड निर्दोष. (केबलच्या टोकाला शाई लागलेली नको, नाहीतर कार्डही जळेल.) आणि टेस्ट स्वच्छ असूनही प्रिंटवर आडवे पट्टे येत असतील तर मीडिया किती सरकतो ते मोजा, हेडच्या वाटेला जाऊ नका.

वेळ किती लागतो? पंधरा मिनिटं आणि फूटभर फ्लेक्स. "पार्टी दारात उभी असते, टेस्ट कोण करणार?" असं दादा म्हणाला. अरे, पण नवीन हेड यायला चार दिवस लागतात तेव्हा पार्टी कुठे उभी असते?

आम्ही टेस्ट घेतली. रेषा जागा बदलत होत्या, आणि चौथ्या फुटापासून गुलाबी रंग उडत होता. मजेंटाचा फिल्टर उघडला तर आत गाळ! दोन वेगवेगळ्या कंपन्यांची शाई मिसळलेली, आणि कॅन पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात तापत पडलेला. फिल्टर बदलला, हवा काढली, रंग परत आला. खर्च काही शे रुपये.

मग मी दिवाळीत काढलेलं हेड मागितलं. डब्यात होतं, न धुता ठेवलेलं, आत शाई दगड झालेली. ते तेव्हा खरंच गेलं होतं का? आता कधीच कळणार नाही. ते तीन हप्ते मात्र गेले, हे नक्की.

कोणी म्हणेल, हेड खरंच मरतं की. मरतं ना! सिरिंजने जोर लावून धुतलं, कापडाने घासलं, शाईविना कोरडं चालवलं की मरतंच. आणि खानदेशचा उन्हाळा त्याचा पक्का वैरी. पारा ४३-४४ अंशांवर, हवा कोरडी, वरून धूळ. प्रिंट चालू असताना लाइट गेली की कॅरेज मधेच थांबतं आणि उघडं हेड वाळत बसतं. म्हणून यूपीएस हवा, निदान हेड जागेवर नेऊन झाकण्यापुरता तरी. जमीन कोरडी पडली की अर्थिंगही कमजोर होतं. खड्ड्यात पाणी घाला, नाहीतर रोलवरची स्थिर वीज थेंब भरकटवते. कूलर लावा, पण त्याचा झोत मशीनवर नको. हे सगळं नव्या हेडपेक्षा स्वस्त आहे.

आणि आपलंही थोडं चुकतंच. ऑफिसात मूळ कारण लिहिल्याशिवाय तिकीट बंद करू देत नाही आपण. लॉग दाखव म्हणून ज्युनिअरचा जीव खातो. तेच घरच्या धंद्यातून फोन आला की "बदलून टाक ना, पैसे पाठवतो" म्हणून मोकळे! नोझल टेस्टची पट्टी म्हणजे त्या मशीनचा लॉगच आहे की. मागितला कधी?

निघताना दादाच्या भिंतीला खिळा ठोकून आलो. आता रोज सकाळी एक पट्टी निघते, तारीख टाकून तिथे लटकते. तुमच्याही कुणा भावाचं, मित्राचं असं दुकान असेल. पुढचा फोन आला की पैशाचं नंतर बोला. आधी दोन पट्ट्या मागा.